नव्या जोड्याचा पहिला आठवडा

केनवड आणि आसपासच्या गावांतल्या निम्म्या नवरदेवांनी लग्नात घातलेला जोडा आधी माझ्या मामेसासऱ्यांनी वापरलेला होता, असं मी म्हटलं तर ते नवरदेव कदाचित रागावतील, पण एकही जण नाही म्हणणार नाही. नवा जोडा आणायचा, तो आधी मामाजींच्या हवाली करायचा, मामाजी आठवडाभर तो पायात घालून शेत, बाजार, देऊळ, एसटी स्टँड सगळीकडे हिंडणार, आणि मग जोडा नरम होऊन मालकाच्या पायात जाणार, अशी तिकडची पद्धत आहे. ती कोणी पाडली हे कोणालाच सांगता येत नाही. माझ्या स्वतःच्या नवऱ्याची मोजडीसुद्धा मामाजींच्या पायांतून उतरून मांडवात आली होती, हे मला लग्नानंतरच्या सत्यनारायणाला कळलं. मी नवी सून, तरी विचारलंच, "मामाजी, लोकांचे जोडे तुमी काहून घालता?" मामाजी म्हणाले, "लोकायचे पाय नाजूक हायेत, अन् माह्ये रिकामे हायेत. कोनाचं काई अडलं का?" 

मामाजी म्हणजे माझ्या सासूबाईंचे धाकटे भाऊ. केनवडला शेती आहे. सोयाबीन, तूर, थोडी करडई. माणूस एवढा उंच की माझ्या चपलांच्या दुकानात शिरताना टांगलेल्या माळा कपाळाला लागतात, आणि पाय मात्र कॉलेजातल्या मुलीचे असावेत तसे, लहान, निमुळते, उंच कमानीचे. एवढ्या मोठ्या देहाला एवढेसे पाय कसे, यावर आमच्या घरात पुष्कळ चर्चा झालेली आहे. मामाजींचं मत असं की हे पाय देवानं चालायला दिलेलेच नाहीत, समजायला दिले आहेत. नवा जोडा कुठे त्रास देणार आहे हे त्यांना घरातून अंगणात येईपर्यंत कळायचं. त्यांच्या लेखी जोड्याच्या तक्रारी पाच: चावते, टोचते, घासते, दाबते आणि आवळते. चावणाऱ्या जोड्याला करडईचं तेल, घासणाऱ्याला मेण, टोचणाऱ्याला हातोडी, दाबणाऱ्यात भिजवलेले हरभरे ठासून रात्रभर ठेवायचे, म्हणजे हरभरे फुगतात आणि चामडं सैलावतं, आणि आवळणारा जोडा सरळ दुकानात परत. एखाद्याने दाबणारा जोडा आणून "मामा, हा चावून राह्यला" म्हटलं तर मामाजी त्याच्याकडे अशा नजरेने बघत की त्याने पुन्हा शाळेत नाव घालावं. जोडा मोठ्या नंबराचा असला तर पायाला फडकी गुंडाळत, पण नाही म्हणत नसत. मामीजी सुरुवातीला फार चिडायच्या. घरी पाहुणे आले की दारात ठेवलेल्या चार-पाच नव्या जोड्यांपैकी आपल्या नवऱ्याचा कोणता, हे त्यांना सांगता यायचं नाही. पुढे त्यांनी चिडणं सोडलं, कारण नवऱ्याचा असा जोडा घरात नव्हताच.

या कारभारात एकदाच घोटाळा झाला, पण तो वऱ्हाडभर गाजला. लग्नसराई दाट होती आणि दोन घरांतले दोन नवरदेव, दोघांची लग्नं एकाच मुहूर्तावर, दोघांचेही जोडे मामाजींकडे आले. आठवडा एक आणि जोडे दोन. दुसरा कोणी असता तर एकाला नाही म्हणाला असता. मामाजींनी उजव्या पायात एकाचा आणि डाव्या पायात दुसऱ्याचा जोडा घातला आणि आठवडाभर तसे हिंडले. अदलाबदल करून पुन्हा आठवडाभर हिंडायचं, असा त्यांचा बेत होता, पण लग्नाची तारीख त्यांच्या बेताला थांबली नाही. परिणाम असा झाला की एका मांडवात नवरदेव डाव्या पायाने लंगडत होता आणि दुसऱ्या मांडवात उजव्या. मामाजी दोन्हीकडे जेवून आले. मी विचारलं, लोक काय म्हणाले? तर म्हणे, "काय म्हन्तील? अर्धं काम झालं होतं ते कोनी पाह्यलं नाई, अर्धं राह्यलं ते सगळ्यायनं पाह्यलं."

माझं वाशीमला चपला-बुटांचं दुकान आहे. नवरा शाळेत शिक्षक. त्याला गिऱ्हाइकाला भाव सांगायची लाज वाटते, म्हणून दुकान मी बघते. शाळेचे बूट, रबरी स्लिपर, पावसाळ्यात गमबूट, लग्नात मोजड्या, असा आमचा माल. मामाजी बाजाराच्या दिवशी पहिल्या एसटीने येतात आणि गल्ल्याजवळच्या स्टुलावर बसतात. मला त्यांची मदत हवी होती असं नाही, पण ती मिळत गेली. गिऱ्हाइकाच्या तोंडाकडे ते कधी बघत नसत. खाली पायांकडे बघूनच "या पाटील, लय दिवसांनी आले" म्हणायचे आणि ते पाटीलच निघायचे. बूट बसला की नाही हे त्यांनी गिऱ्हाइकाला कधी विचारलं नाही. "मानूस बोलते ते भिडेखातर बोलते. बायको संगं हाय, पोरं कंटाळले, बस चुकून राह्यली, म्हून म्हन्ते बरोबर बसला. त्याले कायले विचारायचं?" मग ते स्वतः तो बूट घालून दुकानात एक फेरी मारत आणि निकाल देत. कचेरीतल्या एका बाबूंना टोकदार बूट फार आवडले होते. मी पुडका बांधायला घेतला होता. मामाजींनी फेरी मारली, बूट काढून माझ्या हातात दिले आणि बाबूंना म्हणाले, "राहू द्या साहेब. हा जोडा अन् तुमी, दोघंही दुखी होसान." बाबू गेले. मी दोन दिवस मामाजींना चहा दिला नाही. पण तेच बाबू पुढच्या महिन्यात बायको, मेहुणा आणि मेहुण्याची चार मुलं घेऊन आले आणि म्हणाले, "ते उंच गृहस्थ आहेत का? नसतील तर आम्ही नंतर येतो." तेव्हापासून चहा बिनबोभाट चालू आहे.

बरं, हे सगळं दुकानापुरतं असतं तरी ठीक होतं. आमच्या गल्लीत एका घरी वडील गेले, तिथे आम्ही बसायला गेलो. मुलगा भिंतीला टेकून बसलेला, डोळे सुजलेले, कोणी बोलत नाही. मामाजींची नजर दाराशी, चपलांवर. बऱ्याच वेळाने त्यांनी हळूच विचारलं, "ते तपकिरी जोडे तुमचे का बापू? डावी टाच लय झिजली. कंबर दुखत असंन तुमची." मला वाटलं आता जमीन दुभंगावी. पण त्या मुलाने मान वर केली आणि आपली कंबर कधीपासून दुखते, वडिलांना उचलून बसवताना ती कशी लचकली, कोणत्या डॉक्टरने काय दिलं, सगळं सांगायला लागला. आठवड्यात पहिल्यांदा तो एवढं बोलला, असं त्याची बायको नंतर मला म्हणाली.

आता बुटांच्या मुख्य प्रकरणाकडे येते. आमची मुलगी श्रुती कॉलेजच्या गिर्यारोहणाच्या गटात आहे. वाशीमच्या मुलीला डोंगराचं वेड कुठून लागलं हे मी शोधायच्या भानगडीत पडले नाही. अभ्यास होतो आहे तोवर माझी हरकत नसते. त्या गटातून तिची हिमालयात स्कीइंग शिकायला निवड झाली. स्कीइंग म्हणजे पायांना दोन लांब पट्ट्या बांधून बर्फाच्या उतारावरून घसरत जाणं. त्या पट्ट्यांना अडकवायचे बूट तिथेच मिळतात. पोरगी हौसेने गेली आणि शिक्षण अर्धवट टाकून परत आली. दोन्ही अंगठ्यांची नखं काळी पडून निघाली होती, पायाला फोड, टेकवत नव्हता. शिकवणाऱ्या सरांनी सांगितलं, मुलगी चांगली आहे, पण बुटांपायी मार खाल्ला. पुढच्या वेळी स्वतःचे बूट आणा आणि ते चांगल्या बूट-फिटरकडून पायावर बसवून आणा. पुढच्या हिवाळ्यासाठी तिचं नाव पुन्हा लागलं. त्यानंतर ती कॉलेजातून बाहेर पडणार होती, म्हणजे हीच शेवटची खेप. मला बर्फाचं काही पडलेलं नाही, पण ती वर्षभर घरात कशी गप्प वावरत होती ते मी पाहिलं होतं.

बूट मिळाले. पुण्याच्या एका मुलीने लग्नानंतर स्कीइंग सोडलं होतं, तिचे. निळ्या रंगाचे, जाड टणक प्लास्टिकचे, पिंडरीपर्यंत उंच, वर चार-चार लोखंडी खटके. आता बसवून देणारा कोण? नागपूरच्या दुकानदाराने फोनवर सांगितलं, ताई, आमच्याकडे पायात घालायचं सगळं मिळतं, पण हे नाही. मनालीचा एक जण म्हणाला, मुलीला आणि बुटांना दोघांनाही घेऊन इकडे या. अकोल्यात अपंगांचे बूट बनवणारे एक कारागीर होते, त्यांना फोटो पाठवला, तर त्यांनी ताबडतोब फोन करून हळू आवाजात विचारलं, "पाय कोणाचा गेला?" शेवटी श्रुतीच म्हणाली, "आबाजींना दाखवू." मामाजींना ती आबाजी म्हणते. मी म्हटलं, अगं, हे चामडं नाही, आठवडाभर घालून मऊ व्हायला. पण बाजाराचा दिवस होता आणि मामाजी स्टुलावर होतेच.

त्यांनी तो बूट मांडीवर घेतला, खटके उघडले, मिटले, पुन्हा उघडले. "हा जोडा हाय का मोटरसायकलचं इंजिन?" असं विचारलं, आणि त्या प्रश्नातला आदर मला स्पष्ट ऐकू आला. मग पाय घातला. श्रुतीचा आणि त्यांचा पाय एका मापाचा. याचा त्यांना असा अभिमान की जणू पाय नव्हे, जमीन वारसाने दिली. खटके लावले आणि उठून बाजारात निघाले. खडाक, खडाक, खडाक. भाजीवाल्या बायका हातातलं तागडं सोडून बघायला लागल्या. तसेच एसटीत चढले आणि केनवडला गेले. पुढचे तीन-चार दिवस मामीजींच्या घरी माणसांची रीघ. कोणी केळी घेऊन, कोणी बिस्किटं. "कसं पडले मामा? दोन्ही पाय एकदमच मोडले का?" एक जण तर बूट निरखून म्हणाला, "प्लास्टर निळं काहून केलं, सरकारी दवाखाना बदलला का?" मामाजी प्रत्येकाला बसवून बर्फ, उतार, पट्ट्या समजावून सांगत. लोक ऐकून घेत आणि जाताना मामीजींना बाजूला घेऊन म्हणत, "डोक्यालेही लागलं वाटते."

पुढच्या बाजाराला मामाजी बूट घालूनच आले आणि त्यांनी निकाल दिला. "काईच नाई यात. एकदम आराम. गादीवर पाय ठेवल्यासारखं. लोकं उगीच बदनाम करून राह्यले." श्रुतीचा चेहरा फुलला. तिने तिथेच बूट घातले, मी दिलेले दोन-दोन लोकरीचे मोजे चढवून, आणि ती उभी राहिली. थोड्याच वेळात तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

"चावतो आहे आबाजी."

"नाई चावत. मी हिंडलो ना!"

"चावतो. घोट्याला."

"तुले तसं वाटते माय. मागच्या सालची भीती हाय ती." आणि आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी आपला निकाल खोटा म्हणतंय म्हणून मामाजी इरेला पेटले. बूट पुन्हा स्वतः घातले, खटके शेवटच्या खाचेपर्यंत आवळले आणि दुपारभर दुकानात येरझाऱ्या घातल्या. प्रत्येक फेरीला माझ्याकडे बघून, "काईच नाई. पाह्य. काईच नाई." ऊन उतरल्यावर त्यांनी बूट काढला. डाव्या पायाचा मोजा टाचेपासून घोट्यापर्यंत लाल झाला होता.

मामाजी त्या मोज्याकडे बघत राहिले, दुसऱ्या कोणाचा पाय चुकून आपल्यापुढे आला असावा तसे. मी कापूस आणि औषध आणलं. जखम पुसताना माणूस हूं करतो, पाय मागे घेतो. मामाजींनी काहीच केलं नाही. मी त्यांना दुसरीकडे बघायला सांगून पायाच्या करंगळीला चिमटा काढला आणि विचारलं, कुठे काढला? ते म्हणाले, "अंगठ्याले." मग मी दुकानाचं शटर ओढलं आणि रिक्षा बोलावली.

डॉक्टरांनी रक्त तपासलं. शुगर होती, आणि नवी नव्हती. मग मामाजींना डोळे मिटायला सांगून त्यांनी केसासारखी एक बारीक तार पायाला ठिकठिकाणी टेकवली आणि विचारत गेले, "कळतं का?" मामाजी दरवेळी ठासून म्हणाले, "कळते." डॉक्टरांनी तार टेबलावर ठेवून दिली आणि पुन्हा विचारलं, "आता?" मामाजी म्हणाले, "चांगलं कळते." शुगरने पायांची जाणीव गेली आहे, असं डॉक्टर मला म्हणाले. गोळ्या, पथ्य, रोज पाय तपासणं, अनवाणी चालायचं नाही, हे सगळं लिहून दिलं. मी त्यांना मामाजींच्या सवयीबद्दल सांगितलं तेव्हा ते आधी हसले आणि मग गंभीर झाले. म्हणाले, "काका, आजपासून दुसऱ्यांचे जोडे बंद."

मामाजी बाजाराला यायचे थांबले. मामीजींचा फोन यायचा. गोळ्या घेतात, पथ्य पाळतात, पण ओट्यावर बसून राहतात, एका नवरदेवाचा जोडा आला होता तो तसाच परत पाठवला. इकडे श्रुतीचं निघणं जवळ आलं आणि निळे बूट कोपऱ्यात पडलेले. एका सकाळी ती बूट पोत्यात भरून तयार झाली. "केनवडला जाते." मी म्हटलं, थांब, मी पण येते. मामाजींसाठी मऊ तळव्याचे बूट काढून ठेवले होते, तेही द्यायचे होते.

मामाजींनी पोतं बघितलं आणि तोंड फिरवलं. "कायले आणले ते डबडे इथं? वाशीमले तुह्या मायचं दुकान हाय, तिले सांग."

"तिले काय कळते, आबाजी? ती नुसती विकते."

मी गिळलं. मामाजींच्या मिशा हलल्या. "हे मातर खरं बोलली पोट्टी." मग चेहरा पुन्हा पडला. "माह्ये पाय गेले माय. खोटारडे झाले. मले म्हन्तात आराम, अन् आतून रगत."

"मंग माझे घ्या. घालते मी. तुमी विचारा, मी सांगते."

"मी कोनाले विचारत नाई."

"मंग आता विचारा ना! किती भाव खाता?" असं म्हणून तिने ओट्यावर बसून बूट चढवले आणि खटके लावले.

 मामाजींनी खाली बघतच विचारलं, "कुठं?"

"घोट्याला. आतून."

"कसं? चावते का दाबते?"

"चावते."

"मुंगीवानी का मुंगळ्यावानी?"

श्रुती विचारात पडली. "आधी काहीच नाही. मग हळूहळू कोणी बोटानं रेटावं तसं."

"मंग ते चावनं नाई, दाबनं हाय. नीट सांगत जा." त्यांनी मान वर केली आणि मला वाटतं पहिल्यांदाच एखाद्या गिऱ्हाइकाच्या तोंडाकडे बघितलं. "मागच्या सालचा जोडा कसा होता?"

"मस्त होता. ढिला. मीच मागून घेतला होता, एक नंबर मोठा. आई देते तसा."

"अन् त्यात नखं गेले?"

"हो."

"मंग मस्त काय होतं वं त्यात?"

 वाशीममध्ये बूट एक नंबर मोठाच घेतला जातो, मी तो तसाच देते, आणि त्यात चूक आहे असं मला कधी वाटलं नव्हतं. पण उतारावर ढिल्या बुटात पाय पुढे सरकणार आणि बोटं दर खेपेला समोर आपटणार, हे त्या ओट्यावर बसून समजायला हिमालयात जायची गरज नव्हती. मामाजींनी तिला उभं केलं. "आता उतारावर कशी राह्यतं, ते करून दाखव." श्रुतीने गुडघे वाकवले, अंग पुढे टाकलं. आणि एकदम ओरडली, "आबाजी, बोटं सुटली! टाच मागे गेली!" मामाजींनी कपाळावर हात मारला. "म्हंजे हा जोडा उभं राह्याचा नाईच. अन् तू दुकानात खांबासारखी उभी राहून रडून राह्यली होती!" मग त्यांनी माझे लोकरीचे मोजे एकेक करून काढायला लावले आणि एकच पातळ मोजा ठेवला. मोजे माझ्याकडे फेकत म्हणाले, "हे तू घाल, सूनबाई. थंडी हाय."

राहिला घोटा. तिथे मामाजींनी जे केलं ते बैलासाठी करतात तसं केलं. जुवाखाली बैलाचा खांदा सोलवटला की आमच्याकडे जखमेवर गादी ठेवत नाहीत, जखमेभोवती ठेवतात. मधे भोक, म्हणजे भार गादीवर आणि जखम मोकळी. त्यांनी जुन्या घोंगडीचा तुकडा गोल कापला, मधे घोट्याच्या हाडाएवढं भोक पाडलं आणि डोक्यावरच्या घागरीखाली चुंबळ ठेवावी तशी ती चकती बुटाच्या आतल्या अस्तराला चिकटवली. एकदा जाड झाली, एकदा खाली बसली. दर खेपेला श्रुतीने अंगणात वाकून फेऱ्या मारायच्या आणि मामाजींनी विचारायचं: आता कसं? डाव्यात का उजव्यात? दाबते का नुसतं टेकते? टेकते म्हंजे कोणाच्या हातावानी? पोरगी दमली, पण सांगत राहिली. मामीजींनी दोनदा जेवायला बोलावलं आणि दोनदा भाकरी झाकून ठेवल्या.

श्रुती गेली. तिथून फोन यायचा तेव्हा मी जेवणाखाणाचं विचारायची, तर म्हणायची, "ते राहू दे, आबाजींना सांग, डावा थोडा टेकतो, पण दाबत नाही." मी निरोप पोचवायची. या खेपेस ती अर्ध्यातून परत आली नाही. पूर्ण करून आली. पहिली वगैरे नाही, मधली श्रेणी मिळाली, पण शेवटच्या दिवशीचा मोठा उतार वरून खालपर्यंत न पडता उतरली. नाकाचं टोक उन्हाने काळं, डोळ्यांभोवती चष्म्याचे पांढरे गोल, आणि दहाही नखं जागच्या जागी.

मामाजी पुन्हा बाजाराला येतात. पायात मी दिलेले मऊ बूट. दुसऱ्याच्या जोड्यात पाय घालत नाहीत, मामीजी रोज संध्याकाळी कंदील लावल्यासारख्या नेमाने त्यांचे तळवे तपासतात. दुकानात आता ते गिऱ्हाइकाला विचारतात, आणि एवढं विचारतात की माणूस स्लिपर घ्यायला आलेला असतो आणि चहा पिऊन जातो. धंद्याला याचा फायदा किती आणि तोटा किती, ते मी मोजत नाही.

श्रुती आली त्या आठवड्यातला बाजाराचा दिवस. दुकानात गर्दी होती. ती स्टुलासमोर जमिनीवर बसली आणि उताराचं सांगायला लागली. मामाजींनी तिला मधेच थांबवलं.

"ते राहू दे. उतरताना कुठं चावला?"

"कुठंच नाही, आबाजी."

"घासला?"

"नाही."

"कुठंच काईच नाई?" ते थोडे पुढे वाकले. "मले बी आता कुठंच काई नाई लागत. मंग तुह्यं अन् माह्यं एकच झालं का?"

 श्रुतीने त्यांच्या बुटावर हात ठेवला. "नाही आबाजी. माझं वेगळं होतं. पाय आहे हे पूर्ण कळत होतं. बोटं कळत होती, टाच कळत होती, खालचा बर्फ कळत होता, कुठे मऊ, कुठे टणक. फक्त बूट आहे हे कळत नव्हतं."

मामाजींनी डोळे मिटले. "बर्फ कसा कळते? पुन्हा सांग."

तिने पुन्हा सांगितलं. एक गिऱ्हाईक हातात चप्पल घेऊन केव्हाचं उभं होतं. त्याने मला आठ नंबर विचारला. मी त्याला म्हटलं, देते, बसा जरा. मामाजी तसेच डोळे मिटून, हात गुडघ्यांवर ठेवून बसले होते, आणि श्रुती तिसऱ्यांदा, अगदी उताराच्या वरच्या टोकापासून, सांगायला लागली होती.